दुखणाऱ्याचा शब्द

रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक बांधव चर्चच्या पायरीशी थांबले होते. चार वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या उजव्या खांद्याजवळील मज्जातंतूंना जबर इजा झाली. जखम केव्हाच भरून आली. हात मात्र लुळा पडला आणि लुळा असूनही रात्रंदिवस जळत राहिला. इस्पितळात आता एका नव्या औषधाची चाचणी व्हायची असून तीत सहभागी होण्याविषयी त्यांना विचारण्यात आले होते. संमतिपत्रातील एका वाक्याशी ते अडले होते. निम्म्या रुग्णांना औषध नसलेली, केवळ औषधासारखी दिसणारी गोळी मिळेल आणि ती कोणाला मिळाली हे रुग्णाला वा डॉक्टरांना कळणार नाही, असे ते वाक्य होते.

"फादर, माणूस तळमळत असताना त्याला मुद्दाम पोकळ गोळी द्यायची, हे पाप नव्हे काय?"

माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते.

या वेदनेचा स्वभावच विचित्र आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात गोळी लागून मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांवर फिलाडेल्फिया येथे डॉ. सायलस वियर मिचेल उपचार करीत असत. जखम बरी झाल्यावरही टिकून राहणाऱ्या दाहाचे वर्णन त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1864 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तुटलेला तंतू आज यंत्रात दिसतो, परंतु वेदना कोणत्याही यंत्रात दिसत नाही. म्हणून चाचणीतील रुग्णाने रोज शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहायचा असतो आणि एवढ्या थोरल्या शास्त्राला त्याच आकड्यावर विसंबावे लागते.

हा आकडा आशेनेही खाली येतो. नवे औषध मिळाले, कोणी आस्थेने विचारपूस केली, एवढ्यानेही दुखणे खरोखर हलके होते. काही वेळा ते आपोआपच ओसरते. मग गुण कोणाचा, हे ठरवायचे कसे? प्रीगाबॅलिन हे औषध मधुमेहातील मज्जातंतुवेदनेवर उपयोगी ठरलेले आहे. दुखापतीनंतरच्या वेदनेवर त्याची पाचशेहून अधिक रुग्णांवर पंधरा आठवडे चाचणी झाली व तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. पोकळ गोळीपेक्षा ते निश्चितपणे सरस ठरले नाही. चक्कर व गुंगी मात्र औषध घेणाऱ्यांनाच अधिक आली. तुलनेला पोकळ गोळी नसती, तर ही गोष्ट उघडकीस आलीच नसती.

तेव्हा ती गोळी म्हणजे फसवणूक नव्हे, असे मला वाटते. लपवले जाणार आहे हे आधीच सांगून आणि त्यास मान्यता घेऊन जे लपवले जाते, ते असत्य ठरत नाही. तथापि, ही मान्यता खरी हवी. पोप बारावे पायस यांनी 1952 साली मज्जासंस्थेच्या अभ्यासकांसमोरच बोलताना बजावले होते की, रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरांना त्याच्यावर अधिकार नाही आणि समाजाच्या हितासाठी व्यक्तीचा बळी देता येत नाही. आपल्या देशात काही चाचण्यांत दुर्बल घटकांतील व्यक्तींच्या संमतीचे चित्रीकरण करावे लागते. नियम चांगला आहे. पण कॅमेऱ्यात आवाज येतो, भीड येत नाही. डॉक्टरांना देव मानणारा माणूस 'नाही' कसे म्हणणार?

येथे मला स्वतःचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ माझ्याकडे आले होते, तेव्हा 'आपली वेदना प्रभूच्या क्रुसाशी जोडा' असे सांगून मी त्यांना निरोप दिला होता. ती शिकवण खोटी नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांचे 1984 चे दुःखविषयक पत्र तीच सांगते, पण त्याच पत्राच्या अखेरीस दयाळू शोमरोनी उभा आहे आणि तो जखमीला उपदेश करीत नाही. वेदनाशामक घेणे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य नाही, हे तर पोप पायस यांनी 1957 सालीच स्पष्ट केले होते. अर्पण करायचे ते ज्याचे दुःख त्याने, स्वखुशीने. दुसऱ्याने ते फर्मावले की त्यातले अर्पण संपते. इस्पितळाच्या कागदाने निदान त्यांना 'किती दुखते?' असे रोज विचारायचे ठरवले होते. मी एकदाही विचारले नव्हते.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून चार प्रश्न लिहून काढले. सध्याच्या गोळ्या बंद कराव्या लागतील का? दुखणे असह्य झाल्यास दुसरे औषध मिळेल का? मध्येच बाहेर पडल्यास नेहमीच्या उपचारांत खंड पडेल का? आणि औषधाचा गुण आला, तर चाचणी संपल्यावरही ते मिळत राहील का?

ते पत्नीला घेऊन इस्पितळात जाऊन आले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांनी शांतपणे आणि समाधानकारक दिली. चौथ्यावर 'कंपनीला विचारून कळवतो' असे सांगण्यात आले. ते उत्तर लेखी हाती येईपर्यंत सही करू नका, असे मी त्यांना सांगितले आहे.