मनोविकार आपल्या स्वाधीन आहेत काय?

“माझा स्वभावच तापट, त्यास मी काय करू?” हे उत्तर आपण किती सहज देतो! मारणाराने ते दिले म्हणजे मार खाणारास बोलावयास जागा उरत नाही. म्हणून ते कितपत खरे आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

त्यात काही सत्य आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. सृष्टिशास्त्रज्ञ डार्विन ह्याने १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात स्वतःची एक गोष्ट लिहिली आहे. लंडन येथील प्राणिसंग्रहालयात एका विषारी आफ्रिकी सर्पासमोरच्या जाड काचेजवळ त्याने आपले तोंड नेले, आणि काही झाले तरी मागे हटावयाचे नाही, असा दृढ निश्चय केला. परंतु सर्पाने झडप घालताच तो निश्चय कोठल्या कोठे गेला, व स्वारी एकदोन वार मागे उडाली!

तथापि पहिला धक्का म्हणजेच सर्व विकार नव्हे. रोमी तत्त्ववेत्ता सेनेका ह्याने क्रोधावरील ग्रंथात हा भेद दाखविला आहे. अंगावर गार पाणी पडता शहारे येतात, तशी ती पहिली उसळी. तिला उपाय नाही. “माझा अपमान झाला, मी सूड घेणे योग्यच आहे,” अशी मन आतून जी संमती देते, तेथे क्रोध सुरू होतो. आणि संमती रोखता येते. दासावर उगारलेला हात प्लेटोने तसाच वर धरून ठेवला, व विचारणारास, एका रागीट मनुष्यास शिक्षा करीत आहे, असे सांगितले, ही कथा त्यानेच दिली आहे. (दासास काय वाटले, ते मात्र कोणी लिहून ठेवले नाही.)

पण रोखणे वेगळे आणि नुसते झाकणे वेगळे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस ह्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांस शस्त्रक्रियेची किळसवाणी चित्रफीत दाखविली. ज्यांस चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असे सांगितले होते, त्यांची किळस कमी झाली नाही, आणि शरीरातील खळबळ उलट वाढली. ज्यांस त्यातील तांत्रिक गोष्टींकडे अलिप्तपणे पाहा असे सांगितले होते, त्यांची किळसच कमी झाली.

ह्याचा अनुभव मला घरीच आला. आमच्या मुलाने शाळेच्या फीचे पैसे वाटेत हरविले, आणि माझा हात उठून गेला. तो पहिला धक्का होता, असे म्हणून मी कदाचित सुटेन. परंतु त्यानंतर तीन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. ते तीन दिवस कोणत्या धक्क्याचे? रोज सकाळी उठून मीच तो राग पुन्हा शिलगावीत होतो, आणि वरून शांत दिसत होतो. चौथ्या दिवशी त्याच्या आईने सांगितले की, पोरगा रोज शाळेतून येताना वाटभर वाकून ते पैसे शोधीत येतो. तत्क्षणी माझा राग मावळला. पैसे काही सापडले नव्हते. मुलगाही तोच होता. तो शाळेतून उशिरा का येतो, एवढे मी पहिल्याच दिवशी विचारू शकलो असतो.