पोतदार नसलेली नाणी

उसाचं बिल जमा झालं त्या आठवड्यात कोऱ्हाळे बुद्रुकच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपुढं, दोन पोरांची जुंपली होती. एकाच्या मते बिटकॉइन म्हणजे सोनं, बाकी सगळं पितळ. दुसरा म्हणे, सोनं तिजोरीत पडून राहतं. इथेरियमवर व्यवहार उभे राहतात. दोघांची बोटं मोबाइलमधल्या भावावर. अर्धा तास ऐकलं, पण भाव सोडून नाण्याबद्दल कुणी बोलेना.

नाण्या-नाण्यांतली चढाओढ आपल्या मुलखाला नवी नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, बागलकोटची मल्हारशाही असे कितीतरी रुपये फिरत. टांकसाळी वेगळ्या, चांदी कमीजास्त. म्हणून पोतदार नाणं वाजवून, तोलून बघे आणि हिणकस रुपयावर बट्टा कापला जाई. नावाला बट्टा लागतो, असं आपण म्हणतो तो हाच बट्टा. आपली बारामती तर सावकारांची. बाबूजी नाईक जोशींचं कर्ज पहिल्या बाजीरावांच्या डोक्यावर होतं आणि बाजीरावांची बहीण भिऊबाई त्याच घरात दिलेली. सोयरीक असली तरी तगादा चुकला नाही.

आभासी नाणं वाजत नाही. त्याचा कस म्हणजे त्याची वही: ती कोण लिहितं आणि लिहिलेलं कुणाला खोडता येतं. ३ जानेवारी २००९ला सुरू झालेल्या बिटकॉइनची वही जगभरच्या हजारो संगणकांवर आहे. नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर जाणार नाहीत, हा नियम बदलायचा तर एवढ्या लोकांनी माना डोलवायला हव्यात. लाइटकॉइनची मर्यादा आठ कोटी चाळीस लाख, नोंदही चौपट वेगानं. पण वेग म्हणजे कस नव्हे.

इथेरियमची गोष्ट वेगळी. २०१६ साली त्यावरच्या ‘डीएओ’ नावाच्या सामाईक निधीतून चोरानं मोठी रक्कम उचलली. तेव्हा बहुसंख्यांनी ठरवून वहीला वेगळं वळण दिलं आणि पैसे मूळ मालकांकडे वळवले. ज्यांना हे पटलं नाही ते जुनीच वही घेऊन बसले. तेच आजचं इथेरियम क्लासिक. चोरी परतवली हे चांगलंच झालं. पण एकदा खोडता आलेली वही पुन्हाही खोडता येते, आणि तेव्हा बहुमत आपल्या बाजूचं असेलच असं नाही. म्हणून साठवणुकीपुरता माझा कौल बिटकॉइनला. एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्याची वही राखायला प्रचंड वीज जळते. इथेरियमनं सप्टेंबर २०२२मध्ये पद्धत बदलून आपला विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक खाली आणला. रात्री दोनला लाईट आली म्हणून मोटार चालू करायला उठणाऱ्या माणसानं हे मोजायलाच हवं.

पण आपली माणसं बुडाली ती या दोघांतल्या निवडीत नाही. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत बिटकॉइन द्या, दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असं आमिष होतं. पुढं परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या घरच्याच नाण्यात मिळू लागला, अशा तक्रारी झाल्या. एप्रिल २०१८मध्ये पुणे पोलिसांनी ही योजना चालवणाऱ्या अमित भारद्वाजला अटक केली. निकाल लागण्याआधीच जानेवारी २०२२मध्ये तो वारला. देणेकऱ्यानंच टांकसाळ काढायची आणि त्याच नाण्यात देणं फेडायचं! अंकुशी-चांदवडीच्या काळातल्या पोतदारानं असं नाणं हातातही धरलं नसतं. आपण खाजगी काट्यावर गाडी तोलून मग कारखान्यावर नेणारी माणसं. इथं दुसरा काटा कुठं आहे, हे आपण का विचारलं नाही?

बरं, नाणं चोख असलं तरी किल्ली कुणाकडं, हा प्रश्न उरतोच. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या आभासी नाण्यांच्या बाजारपेठेत सुमारे तेवीस कोटी डॉलरची चोरी झाली. त्यात बिटकॉइन खोटं ठरलं नाही, इथेरियमही नाही. ज्यांनी किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवली होती, त्यांचे पैसे अडकले.

त्या दोघांतला बिटकॉइनवाला माझा पुतण्या. परवा त्यानं आपल्या किल्लीचे बारा शब्द एका कागदावर लिहून काकूपुढं धरले. म्हणाला, “काकू, हे जपून ठेव. कुणाला दाखवू नको.”

“आन् हरवला तर?”

“मग गेलं. पोलिसांत जाऊनही मिळत नाही.”

तिनं कागदाची चौपदरी घडी घातली, सातबाराच्या पिशवीत सरकवली आणि कपाटाला कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहिलं.