बारा टक्के

मार्च महिन्यात कारखान्यांतून सुरक्षा सप्ताह साजरा होतो. फलक लागतात, शपथ होते, हेल्मेट घातलेल्या साहेबांचे फोटो निघतात आणि शेवटी एखादा प्रेरणादायी वक्ता येतो. भोसरीतल्या अशाच एका कार्यक्रमाला मी पाहुणा म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो. वक्त्यानं टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. पत्र्याच्या कारखान्यात पोराची बोटं गेली, डॉक्टर म्हणाले गिटार विसर, पठ्ठ्या विसरला नाही आणि त्यातूनच हेवी मेटल जन्माला आलं. "तो अपघात नव्हता मित्रांनो, वरदान होतं वरदान!" टाळ्या पडल्या. ऐकणारे बहुतेक जण प्रेस शॉपमधले होते. पॉवर प्रेसनं कुणाकुणाला कसलं वरदान दिलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी टाळ्या पडल्या, कारण टाळ्या वाजवायला सांगितलं होतं.

तेव्हापासून हे वरदान माझ्या डोक्यातून जात नाही.

आयोमीचा बँड ब्लॅक सॅबथ कोणता, त्याचा गायक ऑझी ऑस्बोर्न कोण, हे इथं सांगत बसत नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी घरातल्या कॉलेजकुमाराच्या काळ्या टी-शर्टाकडे चौकशी करावी. मला बोलायचंय ते अपघाताबद्दल. आयोमी १९४८ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मला. सतराव्या वर्षी तो तिथल्या एका कारखान्यात वेल्डिंग करत होता. जर्मनीत वाजवायला जायची संधी आलेली, त्यामुळं नोकरी सोडलेली, आणि कामाचा तो शेवटचा दिवस. पत्रा दाबून त्याच्याकडे पाठवणारी बाई त्या दिवशी आलीच नाही. मग याला तिच्या मशीनवर उभं केलं. ते मशीन यानं कधी चालवलेलं नव्हतं. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, हातातलं काम पुरं करून ये. परत गेला. प्रेस हातावर आली, यानं झटक्यात हात मागं ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तिथंच राहिली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा.

गैरहजर ऑपरेटर, बदली माणूस, न शिकवलेलं मशीन. हे बर्मिंगहॅमचं वर्णन आहे की चाकणचं, हे सांगायला मला तरी गावाचं नाव वाचावं लागेल.

आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. मधल्या बोटाचं एक पेर गेलं, तर कमाईची ताकद ७ टक्क्यांनी घटली असं धरायचं. अनामिकेचं एक पेर गेलं, तर ५ टक्क्यांनी. म्हणजे आयोमीचं दुखणं आपल्या हिशेबात सगळं मिळून १२ टक्क्यांचं. त्या बोटांनी माणूस गिटार वाजवतो, शिवणकाम करतो की नुसता चहा ढवळतो, हे तक्ता विचारत नाही. कोरडा आहे, निर्दय म्हणा हवं तर. पण निदान गेलेल्या पेराला तो वरदान म्हणत नाही.

माझी एक जुनी, आवडती विभागणी आहे. काही मर्यादा माणूस आपण होऊन पत्करतो आणि काही त्याच्यावर लादल्या जातात. कवी वृत्त पत्करतो, गवई राग पत्करतो, आणि त्या कुंपणातच त्यांना मोकळं वाटतं. प्रेसखाली बोट जाणं त्यातलं नव्हे. वक्ते, चरित्रकार आणि रविवारच्या पुरवण्या या दोन्हींची सरमिसळ करतात, असं माझं म्हणणं.

कुमार गंधर्वांचंच घ्या. १९४७ नंतर क्षयानं त्यांना अंथरुणाला खिळवलं, एक फुप्फुस निकामी झालं, पाचेक वर्षं गाणं बंद. ते पुन्हा उभे राहिले ते देवासला. आता त्यांच्या गाण्यातल्या त्या तुटक, विजेसारख्या ताना ऐकल्या की बैठकीतला कुणीतरी हमखास कुजबुजतो, "एकच फुप्फुस ना, दम पुरायचा नाही." जणू क्षय हा त्यांचा दुसरा गुरू होता! माळव्याची लोकगीतं त्यांनी आजारपणात कान देऊन ऐकली, हे खरंच. पण ऐकायला तो कान आधीपासून होता. दहा-बारा वर्षांच्या वयात मैफली थक्क करून सोडणारा मुलगा होता तो. शिवाय बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिननं आणि पत्नी भानुमतीबाईंच्या शुश्रूषेनं. त्या काळी खेडोपाडी क्षयानं किती गळे कायमचे बंद केले, त्यांची शैली कुणी वाखाणत नाही. जो वाचला त्याच्या गाण्याचं श्रेय आजाराला द्यायचं आणि जे गेले त्यांचा हिशेब दैवावर ढकलायचा, ही लबाडी आहे.

तर वक्त्याशी माझं भांडण सोपं होतं. त्याची गोष्ट अशी, की बोटं दुखायची म्हणून आयोमीनं तारा सैल केल्या, सैल तारांचा आवाज खर्जातला, आणि तेच हेवी मेटल. गोष्ट छान जुळते. पण ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० ची. तिच्यात तारा नेहमीच्याच पट्टीत लावलेल्या आहेत. आणि तरीही तिचं पहिलं गाणं ऐकताना अंगावर काटा येतो. सा, मग वरचा सा, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम. संथ, एकेक स्वर ओझ्यासारखा खाली ठेवल्यागत. यात सैल तारेचा काही संबंध नाही. बेसवाला गीझर बटलर होल्स्टचं 'मार्स' ऐकत होता, त्याची ती सावली. तीव्र मध्यम काही प्रेसनं दिला नव्हता.

इथं थांबलो असतो तर जिंकलो असतो. पण पुढं ऐकत गेलं की पंचाईत होते. पूर्ण हाताचे भरगच्च कॉर्ड आयोमीला धरता येईनात. मग दोन-तीन स्वरांतच सगळं वजन आणायचं. तुटक्या बोटांवर चढवलेल्या टोपणातून तार बोटाला कळत नाही, म्हणून किती दाबायचं ते कानानं ठरवायचं. पातळ तारा मिळत नव्हत्या, म्हणून बँजोच्या तारा चढवायच्या. आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त काही गाण्यांसाठी तारा खरोखरच उतरवल्या, पेटीच्या हिशेबानं तीन पट्ट्या खाली. तो आवाज त्या बोटांचा आहे. नाही म्हणणं हा हट्ट होईल.

गंमत पुढंच आहे. त्या गाण्यांत गीझर बटलरनंही बेस उतरवला. त्याची बोटं शाबूत होती. त्यानंतर अर्धशतकभर जगभरची पोरं धडधाकट हातांनी तारा उतरवत आली आहेत. कुणाचं काही दुखत नाही, त्यांना तो आवाज हवा असतो. एकावर लादलेली मर्यादा दुसऱ्यांनी हौसेनं पत्करली. प्रभाव प्रभाव म्हणतात तो बहुधा हाच. आणि इथं माझ्या विभागणीची भिंत मधूनच ढासळते, कारण एकच गोष्ट भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभी आहे.

मग आयोमीच्या बाजूनं ती नेमकी कुठं उभी होती? त्या टोपणांकडे जरा जवळून पाहावं. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्ननं त्याला भोक पाडलं, बोट बसेपर्यंत पॉलिश पेपरनं घासत राहिला, आणि तार घसरू नये म्हणून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. हे दुःखातून उमललेलं काही नाही, हे फिटरचं काम आहे. माप घे, लावून बघ, पुन्हा घास. आणि त्याआधी फोरमन घरी आला होता. त्यानं जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणली. हा ऐकायलाही तयार नव्हता, फोरमननं भरीस घातलं. ऐकून झाल्यावर सांगितलं, की हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो, आगीत भाजलाय त्याचा हात.

म्हणून आता मला वाटतं, ही गोष्ट सुरक्षा सप्ताहात सांगायलाच हवी. दरवर्षी सांगावी. फक्त ती गिटारवाल्याची म्हणून सांगू नये, कारखान्याची म्हणून सांगावी. न शिकवता मशीनवर कुणी उभं केलं इथपासून सुरुवात करावी आणि फोरमनपर्यंत यावं. प्रेसचा पंच खाली येताना दोन्ही हात बटणांवर अडकलेले असते, तर जगाला हेवी मेटल थोडं वेगळं किंवा थोडं उशिरा मिळालं असतं. तेवढी किंमत माझ्यासारखा श्रोता आनंदानं देईल.

राहता राहिला लादण्याचा प्रश्न. आयोमीनंच पुढं सांगितलंय, की आज कळतं तेवढं तेव्हा कळलं असतं तर बहुधा हातच बदलला असता. म्हणजे गिटार उजव्या माणसासारखी धरायची. तुटक्या बोटांच्या हातात नुसतं पिक, आणि तारांवर डाव्या हाताची चार धड बोटं. ना टोपणं, ना बँजोच्या तारा. उपाय हाताशी होता. पण तो दोन-तीन वर्षं वाजवत आलेला, आणि इतकी वर्षं पाण्यात घालून पुन्हा पहिल्यापासून शिकायचं त्याच्या जिवावर आलं. सतरा वर्षांच्या पोराला दोन-तीन वर्षं म्हणजे अर्धा जन्म वाटतो. याला लादलेलं म्हणावं की पत्करलेलं? चाळिशीतल्या एखाद्या समजूतदार माणसानं निमूट हात बदलला असता, आणि त्याचं नाव आपल्यापैकी कुणाच्याही कानावर आलं नसतं.