मिक्सरचे भय आणि अभयदान

मिक्सर सुरू होताच पलंगाखाली शिरणाऱ्या कुत्र्याचे भय खरे की खोटे? वेदान्ताच्या हिशेबी ते खोटेच ठरेल. बृहदारण्यक उपनिषदातला प्रजापती एकटेपणी घाबरतो. मग आपल्यावाचून दुसरे कुणी नाहीच, तर भ्यायचे कुणाला, असा विचार करतो आणि त्याचे भय जाते. अंधारात साप वाटलेली दोरी ओळखली की साप उरत नाही. पण हे औषध ज्याला समजावता येते त्यालाच लागू पडते. मिक्सरमध्ये चटणी वाटली जात आहे, हे कुत्र्याला कोण पटवणार?

अज्ञानातून आले म्हणून भय कमी जाचत नाही. कुत्रा धापा टाकतो, ओठ चाटतो, कान मागे पाडतो, झोप आली नसताना जांभया देतो. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय बॅटरी संपत आलेल्या धूरसूचकाची अधूनमधून येणारी बारीक टिकटिक त्याला व्हॅक्यूम क्लीनरच्या घरघरीपेक्षाही जास्त छळू शकते. अशा वेळी घरातले लोक मात्र हसत मोबाइलवर चित्रण करत असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘नागराज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात प्राण्यांच्या पाच मुक्ततांमध्ये भय आणि क्लेशापासूनची मुक्तताही मान्य केली. त्या भयाला सबळ कारण हवे, अशी अट त्यात नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते. तिथे अभय हा स्वतः मिळवायचा गुण आहे. जैन परंपरेत मात्र अभय हे दान आहे, दुसऱ्या जिवाला द्यायचे. कुत्र्याच्या बाबतीत हा दुसरा अर्थच उपयोगी पडतो, कारण घर, आवाज आणि बटण तिन्ही माणसाच्या हाती आहेत.

हे दान प्रवचनाने होत नाही, सवयीने होते. मिक्सरचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून अगदी हळू लावायचा आणि त्याच वेळी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यायचा. कुत्रा खात असेल तर काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. आवडता तुकडाही त्याने नाकारला तर आवाज जास्त झाला, एक पायरी मागे यायचे. खरा मिक्सर आधी दूरच्या खोलीत, दार लावून. याला लाच म्हणणारे भेटतात, पण लाच देऊन काम करून घेतात. इथे त्या आवाजाचा अर्थच हळूहळू बदलतो. घाबरलेल्याला कुरवाळल्याने भय वाढते, ही समजूतही सोडून द्यावी. लपण्याच्या जागेतून ओढून काढणे मात्र क्रौर्यच. वयस्क कुत्रा अचानक आवाजांना भिऊ लागला तर सांधेदुखीसारखे दुखणे तपासावे. भय अनावर असेल तर पशुवैद्य औषधही देतात.

दिल्लीतल्या द्वारकेसारख्या, दिल्ली विकास प्राधिकरणाने (डीडीए) वसवलेल्या उपनगरात आणखी एक अडचण येते. विमानतळ शेजारीच असल्याने विमानांची घरघर रोजची. ती पुष्कळ कुत्र्यांच्या अंगवळणी पडते. वरच्या मजल्यावरचे ड्रिल तसे नसते: केव्हा सुरू होईल आणि केव्हा थांबेल, याचा नेम नाही. तिथे एका घराचे अभयदान भिंतीशी थांबते. हाउसिंग सोसायटीने तोडफोडीच्या वेळा ठरवून आदल्या दिवशी कळवल्या, तर त्या वेळेपुरते कुत्र्याला बाहेर फिरवता येते, किंवा आतल्या खोलीत पंखा लावून सोबत बसता येते.