आधी कोणाला?

ऊर्जानगरात राहणाऱ्या माणसाला एक गर्व नकळत जडतो. येथे कोळसा जळतो, राख आमच्या अंगणात पडते आणि वीज मात्र दूर मुंबई-पुण्याकडे जाते. त्यामुळे घटकाभर दिवे गेले की आमचा उद्गार ठरलेला : “वीज येथे होते, मग अंधार आम्हाला का?” जेथे पिकते तेथल्यांचा हक्क पहिला, हा न्याय मला वर्षानुवर्षे बिनतोड वाटत आला.

मे २०२१ मध्ये त्याला तडा गेला. करोनाची दुसरी लाट भरात होती. अठरा वर्षांवरील तरुणांना लस नुकतीच खुली झाली होती. पण नाव मोबाईलवरच नोंदवावे लागे. माझ्या मुलाला जंगलालगतच्या एका गावी जागा मिळाली. आम्ही मोटारीने गेलो. केंद्राच्या दाराशी त्याच्याच वयाचा, तेंदूपाने तोडून आलेला एक पोरगा उभा होता. त्याच्यापाशी तसला मोबाईल नव्हता. त्याने विचारले, “आमचा नंबर कवा लागन जी?”

लस त्याच्या गावात आली आणि टोचली गेली माझ्या मुलाला! माझा तो बिनतोड न्याय त्या दिवशी मला आठवलासुद्धा नाही.

जगातही हेच घडले. श्रीमंत देशांनी लस तयार होण्यापूर्वीच करार करून ती राखून ठेवली. करार हा त्यांचा मोबाईल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सहा लाख मात्रा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी कोव्हॅक्स योजनेतून घानात पोचल्या. पुढे आपल्याकडे रुग्ण वाढले आणि निर्यात आखडली. कोव्हॅक्ससाठी ती नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. घरची माणसे प्राणवायूवाचून तडफडत असताना हात आखडला, याला स्वार्थ म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

मग न्याय कोणता? मला वाटते, ज्याचा जीव अधिक धोक्यात, तो आधी. आपली म्हातारी आधी, हे खरेच. पण तिच्यामागून माझा धडधाकट मुलगा नव्हे, तर घानातली म्हातारी आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका. धोका सारखाच असेल तर चिठ्ठी टाकावी, मोबाईल पाहू नये. बापाच्या गळी हे सहज उतरत नाही. म्हणूनच हा क्रम साथ येण्यापूर्वी ठरला पाहिजे. घर पेटल्यावर विहिरीचा हक्क कोणी शांतपणे ठरवीत नाही.

त्या पोराला मी म्हणालो होतो, “लागेल लवकरच.” दिवाळीत पणत्या लावताना ते उत्तर अजून टोचते. मला ठाऊक काहीच नव्हते. मला फक्त तेथून निघायचे होते.