जिथे श्वास पोहोचत नाही

सावकाश श्वास घ्या. हवा छातीत उतरली, तिच्यातला प्राणवायू रक्तात मिसळला. मनाने त्याच्या मागोमाग जा. मोठी रक्तवाहिनी, मग लहान, मग केशवाहिनी. तिच्या भिंतीतून तो बाहेर पडतो आणि पेशीपेशीत खर्च होत जातो. जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढं अंतर, तेवढ्यात संपतो.

कर्करोगाच्या गाठीत त्याच्याही पलीकडे पेशी असतात. तिथे थांबा. 1955 मध्ये इंग्लंडमध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी फुप्फुसातल्या गाठींचे काप पाहिले. कडेला जिवंत पेशी, मध्ये मेलेला गाभा. या दोहोंच्या सीमेवर प्राणवायूवाचून तग धरलेल्या पेशी असणार, हे त्यांनी ताडलं.

किरणोपचारात अशा पेशी मारायला किरणांची अडीच ते तीनपट मात्रा लागते. किरणांमुळे डीएनएवर घाव होतो. जवळ प्राणवायू असेल तर तो त्या घावाला चिकटून तो पक्का करतो. नसेल तर घाव तिथल्या तिथे बुजतो. आपला श्वास जिथे पोहोचत नाही, तिथेच रोगाला आसरा मिळतो. हे जरा वेळ मनात राहू द्या.

आता त्याच जागी निमोराझोल पोहोचतंय असं पाहा. जुलाबावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या कुळातलं हे औषध. घाव पक्का करण्याचं काम तेही करतं. पण वाटेतल्या पेशी ते प्राणवायूसारखं वापरून टाकत नाहीत, म्हणून ते खोलवर जातं. किरणांच्या दीड तास आधी गोळ्या घ्यायच्या. स्वतः न मारता, श्वासाचं राहिलेलं काम पुरं करणारं हे औषध मला फार मोलाचं वाटतं.

याआधीच्या मिसोनिडाझोल या तशाच औषधाने हातापायांच्या नसांना इजा व्हायची. निमोराझोल सोसवलं. डेन्मार्कमध्ये 1986 ते 1990 या काळात घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या 414 रुग्णांवर चाचणी झाली. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेले औषधाविना 33 टक्के, औषधासह 49 टक्के. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. दोन्ही निकाल मनात शेजारी ठेवा, घाईने एकाची बाजू घेऊ नका.

पुन्हा श्वासाकडे या. तुमच्या घरात कुणाचा किरणांचा शेक चालू असेल, तर त्यांची बिडी-सिगारेट आजच सोडवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, आणि शेक लागू पडायला गाठीत प्राणवायूचीच गरज असते.