नकाशाच्या पुढचं काम

छिंदवाडा जिल्ह्यात, पेंच नदीच्या खोऱ्यात, एक भूमिगत कोळसा खाण होती. तिचा जुना भाग संपत आला होता आणि उत्तरेकडं नवा सेक्शन उघडल्याशिवाय पुढच्या वर्षाचं उत्पादन निघणार नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी प्रस्ताव तयार केला, सर्व्हेअरनी नकाशा जोडला, आणि भूवैज्ञानिकाच्या सहीसाठी तो कागद नागपूरहून नुकत्याच बदलून आलेल्या एका तरुण मुलीच्या टेबलावर आला.

नकाशात उत्तरेला एक जुनी खाण दाखवली होती. कुणा खासगी कंपनीची, कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाच्या कितीतरी आधी बंद पडलेली. तिच्या शेवटच्या गॅलरीपासून, म्हणजे कोळशातून खोदलेल्या बोगद्यापासून, नव्या सेक्शनचं टोक ११० मीटरवर थांबणार होतं. सोडून दिलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत शिरायचं असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची आधी परवानगी लागते, आणि फेस, म्हणजे कोळसा कापला जातो ती समोरची भिंत, पुढं नेण्याआधी तिच्यात लांब भोकं मारून पलीकडं पाणी नाही ना, हे पाहावं लागतं. ११० म्हणजे ६० च्या बरंच बाहेर. कागदात खोट काढायला जागा नव्हती.

जुन्या खाणीला भ्यायचं ते तिच्यातल्या पाण्यामुळं. पंप थांबले की झिरपणारं पाणी गॅलऱ्या भरत जातं. वर्षं जातात, वर शेती होते, खाणीच्या विहिरीचं तोंड बुजतं, त्यावर बाभळी उगवतात, आणि खाली ते पाणी तसंच उभं असतं. ५० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ कोळशाच्या भिंतीच्या दर चौरस मीटरला ५० टनांनी रेटत असतो. भिंत जाड असेल तर काही होत नाही. पातळ असेल तर सुरुंगाच्या एका फेरीत ती फुटते, आणि मग पळायला वेळ मिळत नाही. याच खोऱ्यात न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी शिरलं आणि ६३ माणसं गेली. धनबादजवळ चासनाल्यात २७ डिसेंबर १९७५ ला ३७५ गेली. दोन्हीकडं माणसांना बुडवणारं पाणी त्यांच्या आधीच्या माणसांनी मागं ठेवलेल्या पोकळीत साठलेलं होतं.

मुलीनं सही केली नाही. तिनं सर्व्हेअरना विचारलं, "सर, या जुन्या खाणीचा शेवटचा सर्व्हे कधीचा?"

"जानेवारी १९४३. खाली लिहिलंय बघा."

"आणि खाण बंद कधी झाली?"

सर्व्हेअर निवृत्तीला आलेले, कामाला पक्के. त्यांनी चष्मा काढला. "ते कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "चला, स्टोअरमध्ये पोती आहेत."

राष्ट्रीयीकरणाच्या वेळी जुन्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून जे हाती लागलं ते पोत्यांत भरून आलं होतं. बरंचसं वाळवीनं खाल्लं होतं. दोघांनी ते उपसलं. भाडेपट्ट्याचा एक कागद निघाला, १९३८ चा. म्हणजे खाण तेव्हा सुरू झाली. आणि मजुरीची एक वही निघाली, पुढची पानं गेलेली, साल नसलेली. कुणी कोळशाचे किती टब भरले, जमिनीखाली की वर, किती आणे दिले, एवढंच तिच्यात होतं.

ती वही चाळताना मुलगी एका पानावर थांबली. जमिनीखाली टब भरणाऱ्यांच्या यादीत ओळीनं बायकांची नावं होती. पुढच्या पानावरही. शेवटपर्यंत.

"सर, ही वही नकाशाच्या नंतरची आहे."

"कशावरून? पूर्वी बायका खाणीत उतरतच होत्या की."

"१९३७ पर्यंत. मग पूर्ण बंदी झाली. ही खाण १९३८ ची."

सर्व्हेअर गप्प झाले. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, माणसं मिळेनात, तेव्हा सरकारनं १९४३ च्या उत्तरार्धात ती बंदी उठवली. आपल्या मध्य प्रांतातही उठवली. युद्ध संपल्यावर १९४६ च्या सुरुवातीला पुन्हा लागू केली. मुलीला हे पाठ असायला कारण होतं. स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या खाण कायद्यानंही बाईला भूगर्भात काम करायला मनाई केली होती, आणि २०१९ मध्ये तांत्रिक व देखरेखीच्या कामापुरती ती सैल झाली म्हणूनच ती स्वतः डोक्यावर कॅप लॅम्प लावून खाली उतरू शकत होती. ज्या बायकांचे हिशेब तिच्या हातात होते, त्यांनी टोपल्या डोक्यावर घेऊन टब भरले होते, आणि तेही नकाशा काढून झाल्यानंतर. त्यांनी भरलेला कोळसा नकाशात नव्हता.

तिनं उरलेल्या पानांतले टब मोजले. सुमारे ६,००० भरले. टबात अर्धा टन धरला तर ३,००० टन. त्या काळची गॅलरी बारा फूट रुंद, आठ फूट उंच. तिच्या एका मीटरातून जवळपास १२ टन कोळसा निघतो. भागाकार सोपा होता: २५० मीटर. नकाशाच्या शेवटच्या रेघेपुढं कुठंतरी २५० मीटर गॅलरी होती, आणि नवा सेक्शन त्या रेघेपासून ११० मीटरवर येणार होता.

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावर उत्पादनाचा बोजा होता आणि खाली चारशे माणसांच्या रोजगाराचा. त्यांनी हिशेब नीट पाहिला आणि बरोबर तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता.

"हे २५० मीटर आमच्याच बाजूला आले कशावरून? युद्धाच्या घाईत त्यांनी छताला आधार म्हणून सोडलेले आतले कोळशाचे पिलर कापले असतील. पूर्वेला गेले असतील. दक्षिणेकडंच आले असं म्हणता येतं का?"

"नाही सर, म्हणता येत नाही."

"मग?"

"आले नाहीत, असंही म्हणता येत नाही."

तिनं त्यांना लॉफ्टहाउसची हकीकत सांगितली. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये ही खाण होती. मार्च १९७३ मध्ये तिचा फेस एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या कामाला जाऊन भिडला आणि सात माणसं गेली. ते जुनं काम किती खोल होतं याची नोंद एका भूवैज्ञानिकाच्या वहीत होती आणि ती वही सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात नीट जपून ठेवलेली होती. फेस पुढं नेणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली नव्हती, एवढंच. "आपल्या हातात वही आहे, सर," ती म्हणाली.

मॅनेजरसाहेबांनी दोन दिवस घेतले. मग त्यांनी प्रस्तावात स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली: नवा सेक्शन पहिल्या मीटरपासून ६० मीटरच्या आतला समजून चालवायचा. परवानगी मागितली, मिळाली. मला या गोष्टीत हीच जागा सगळ्यांत मोठी वाटते. शंका काढणं त्या मुलीचं कामच होतं, तिला त्याचाच पगार मिळत होता. साहेबांना मात्र त्या शंकेसाठी हातचे टन सोडावे लागले, आणि ते त्यांनी कुणी भाग न पाडता सोडले.

मग काम सुरू झालं, आणि ते कंटाळवाणं होतं. फेसच्या मधोमध एक भोक, दोन्ही बाजूंना तिरकी भोकं, गरज पडली तर वर आणि खालीही. आधी तोंडाशी लोखंडी पाइप सिमेंटनं पक्का बसवायचा, त्याला व्हॉल्व्ह लावायचा, म्हणजे पाणी लागलंच तर बंद करता येईल. त्यातून रॉड आत घालायचे. भोक पंधरा मीटर गेलं की फेस दहा मीटर पुढं न्यायचा. पुढं भोकानं पाहिलेला कोळसा कधीच तीन मीटरपेक्षा कमी उरता कामा नये असा नियम आहे. इथं पाच ठेवले. गॅलरीची उंची-रुंदी २.४ मीटरच्या आत. भोक मारताना कोळसा ओला लागतो का, थंड लागतो का, सडक्या अंड्याचा वास येतो का, ते बघायचं, कारण कोंडलेल्या पाण्याबरोबर वायूही कोंडलेला असतो. मग वहीत लिहायचं: कोरडं.

कोरडं. कोरडं. कोरडं. दुसरा सेक्शन महिन्याला जेवढा पुढं जायचा, त्याच्या निम्माही हा जात नव्हता. ड्रिलरना कुरबुर करायला कारण होतं. त्यांचे रॉड अडकायचे, पाळीत एकच भोक व्हायचं. चौथ्या महिन्यात मुलीचाच धीर सुटू लागला. त्या पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन सावनेरकडचे, तीस वर्षं जमिनीखाली काढलेले. ती त्यांना म्हणाली, "काका, बाजूची भोकं कमी करूया का? इतके दिवस काहीच लागलं नाही."

ओव्हरमन रॉड पुसत होते. "मॅडम, हे भोक कोरडं निंघालं, म्हंजे त्यानं आपल्याले पंधरा मीटरचं सांगतलं. समोरच्या पंधरा मीटरचं त्याले काय मालूम?" आणि त्यांनी पुढच्या भोकाची जागा खडूनं आखली.

अशा गोष्टीत एक दिवस भोकातून पाण्याची चिळकांडी उडते, माणसं व्हॉल्व्ह बंद करतात आणि मुलीचं म्हणणं खरं ठरतं. इथं तसं झालं नाही. सेक्शन दोन वर्षं चालला, एकही भोक ओलं निघालं नाही. ते २५० मीटर कुठं आहेत ते आजही कुणाला माहीत नाही. एरिया कार्यालयातल्या बैठकीत वरच्या साहेबांनी भोकांच्या एकूण लांबीचा आणि बुडालेल्या टनांचा हिशेब मांडला आणि विचारलं, यातून मिळालं काय? मुलगी काही बोलण्याआधी मॅनेजरसाहेब उठले. "दोन वर्षं तीन पाळ्यांत माणसं उतरली आणि सगळी वर आली, साहेब. पाणी नव्हतं म्हणून आली की आम्ही नियम पाळला म्हणून, हे मला सांगता येणार नाही. पण उद्या असाच दुसरा सेक्शन उघडला तर मी पुन्हा असंच करीन." त्या वर्षीच्या अहवालात त्यांच्या खाणीच्या नावापुढं उत्पादनातली तूट छापली गेली. दुसरं काही छापलं गेलं नाही. न झालेल्या अपघाताचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो.

सेक्शन संपला. तोंडं विटांच्या भिंतींनी बंद करायची ठरली, पंप वर काढायची तारीख पडली. खाणीत पंपाची पाळी वाढली की खर्च वाढतो, आणि काढायचा पंप दुसऱ्या सेक्शनला हवाच असतो. सगळं तयार झालं तेव्हा मुलगी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत आली.

"सर, शेवटचा सर्व्हे महिन्याच्या सुरुवातीचा आहे. त्यानंतर दोन फेस पुढं गेलेत."

"किती गेले असतील?"

"ओव्हरमनकाका दहा-अकरा मीटर म्हणतात."

दहा-अकरा मीटर. बंद करताना नकाशा शेवटच्या टोकापर्यंतचा द्यायला हवा हे दोघांनाही माहीत होतं. एवढ्यासाठी कुणी खाली जाऊन मोजत बसणार नाही, अंदाजानं रेघ ओढली जाईल, हेही दोघांना माहीत होतं. साहेबांनी फोन उचलला आणि पंप आणखी दोन दिवस चालू ठेवायला सांगितलं. मग सर्व्हेअरला बोलावलं. जुने सर्व्हेअर निवृत्त होऊन चार महिने झाले होते, त्यांच्या जागी नवा मुलगा होता. तो थिओडोलाइट घेऊन आला. पहिल्या पाळीत तिघं खाली गेली: नवा सर्व्हेअर, मुलगी आणि ओव्हरमन. एक फेस ११.४ मीटर पुढं गेला होता, दुसरा ९.८. दुसऱ्या फेसपर्यंत जायला घोटाभर पाण्यातून जावं लागलं.

वर आल्यावर नवी रेघ नकाशावर आली, तिच्यापुढं त्या दिवसाची तारीख पडली. फेसपुढची सगळी भोकं, त्यांची दिशा आणि लांबी आली. मग मुलीनं उत्तरेच्या रिकाम्या जागेत इंग्रजीत एक टीप लिहिली: पलीकडच्या खाणीत जानेवारी १९४३ नंतर काम झाल्याचा पुरावा मजुरीच्या वहीत आहे, अंदाजे २५० मीटर गॅलरी, दिशा अज्ञात, वहीची प्रत सोबत जोडली आहे. मॅनेजरसाहेबांनी सही केली. एक नकाशा धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालयाकडं जाणार होता, दुसरा खाणीत राहणार होता.

ओव्हरमन दारात उभे राहून पाहत होते. ते आत आले आणि टिपेवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे हिंदीतही लिहा. अन् मराठीतही लिहा. खाली उतरणारा कोण राहीन तवा, काय मालूम."